मरण कोणाचे? अहंकार, कर्म आणि मृत्युभय यांविषयीच्या हिंदू विचाराची प्रस्तावना

अहंकार, कर्म आणि मृत्युभय हे तीन विषय हिंदू तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. अहंकाराची चर्चा सांख्यांच्या तत्त्वगणनेत होते, कर्माची मीमांसेत आणि पुनर्जन्माच्या विवेचनात होते, तर मृत्युभयाचा विचार वैराग्यपर वाङ्मयाकडे सोपवलेला असतो. अभ्यासाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी मूळ ग्रंथांत मात्र क्वचितच आढळते. तेथे हे तिन्ही विषय एकाच प्रश्नाच्या पोटात येतात. आणि तो प्रश्न मेल्यानंतर काय होते, असा नसून जो मरणार म्हणून भितो तो नेमका कोण, असा आहे. ही गोष्ट नजरेआड झाली की कर्मसिद्धांत हा केवळ बक्षीस आणि शिक्षा यांचा हिशेब वाटू लागतो, पुनर्जन्म हे भित्र्या मनाचे सांत्वन ठरते आणि अहंकार म्हणजे अंगी असलेला एक दुर्गुण एवढाच अर्थ शिल्लक राहतो. हे तिन्ही समज आज सुशिक्षितांत रूढ आहेत आणि त्यांतील एकही मूळ ग्रंथांच्या कसोटीला पुरता उतरत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत या तिन्हींचा संबंध अत्यंत थोडक्यात, पण नेमका मांडलेला आहे. दुसऱ्या पादात पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या म्हणजे अनित्याला नित्य आणि अनात्म्याला आत्मा समजणे, अस्मिता म्हणजे पाहणारा आणि ज्याच्या साहाय्याने पाहिले जाते ती बुद्धी एकच आहेत असे वाटणे, त्यापुढे राग आणि द्वेष, म्हणजे सुखाची ओढ आणि दुःखाचा तिटकारा, आणि शेवटी अभिनिवेश, म्हणजे जिवाला चिकटून राहण्याची ती वृत्ती जिला व्यवहारात मरणाची भीती म्हणतात. अविद्या ही उरलेल्या चौघांची भूमी आहे असे पतंजली स्पष्ट सांगतात, आणि कर्माशय, म्हणजे पुढील जन्म, आयुष्य आणि भोग ज्यातून फळाला येतात तो संचय, याच क्लेशांच्या मुळावर उभा आहे असेही म्हणतात. अभिनिवेशाविषयी त्यांनी केलेले विधान तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ही भीती विद्वानातही तितकीच रुजलेली असते असे तेथे म्हटले आहे. व्यासभाष्याने या सूत्रावरून पुनर्जन्माचे अनुमान काढले आहे. नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही मरणाचे भय असते. या जन्मात त्याने मरण अनुभवलेले नाही, कोणाकडून ऐकलेले नाही, तर्काने जाणलेलेही नाही. तेव्हा हे भय पूर्वी भोगलेल्या मरणाच्या संस्कारातून आले असले पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. आजचा वाचक या भयाचे कारण जीवशास्त्रात शोधील आणि त्याला ते अनुमान पटणार नाही. तरीही विद्वत्तेने मरणाची भीती जात नाही ही भाष्यकारांनी धरलेली मूळ गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

पुनर्जन्माची कल्पना मरणाच्या भीतीवर उतारा म्हणून पुढे आली, हे मत फार प्रचलित आहे. वैदिक वाङ्मयाचा क्रम पाहता घडले ते जवळजवळ याच्या उलट दिसते. ब्राह्मणग्रंथांत ‘पुनर्मृत्यू’ हा शब्द वारंवार भेटतो. यज्ञाने परलोक मिळवला, तरी तेथील पुण्य सरल्यावर तेथेही पुन्हा मरावे लागेल, ही त्यामागची धास्ती आहे. शतपथ ब्राह्मणाच्या दहाव्या कांडात देव अमर झाल्यावर मृत्यू तक्रार करतो की अशाने सगळीच माणसे अमर होतील आणि आपल्या वाट्याला काहीच उरणार नाही. तेव्हा देव ठरवतात की यापुढे कोणीही शरीरासह अमर होणार नाही, शरीर हा मृत्यूचा वाटा. आणि ज्यांना ज्ञान नाही वा ज्यांनी ते कर्म केले नाही, ते पुन्हा जन्माला येऊन पुन्हा पुन्हा मृत्यूचे अन्न होतील. या कथेत परत जन्माला येणे हे आश्वासन म्हणून येतच नाही. एकदा मरण्याचे भय होतेच, त्याला अनेकदा मरण्याच्या भयाची जोड मिळाली. भारतीय विचाराने मरणाचा प्रश्न सोपा करून घेतला, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा मजकूर पाहण्याजोगा आहे.

नचिकेताच्या कथेची दोन रूपे शेजारी ठेवून वाचली तर हा विचार कोठून कोठे गेला ते दिसते. तैत्तिरीय ब्राह्मणातील जुन्या कथेत नचिकेता यमाकडे तीन वर मागतो: जिवंतपणी पित्याकडे परत जाता यावे, आपली इष्टापूर्ते, म्हणजे यज्ञदानादी पुण्यकृत्ये, क्षय पावू नयेत, आणि पुनर्मृत्यूचे निवारण व्हावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही वरांसाठी यम त्याला नाचिकेत अग्नीचे चयन शिकवतो. म्हणजे मरणावर उपाय एक विधी आहे, तो नीट केला की काम झाले. कठोपनिषदात कथा तीच आहे, दान करणारा पिता तोच आहे, यमाच्या दारी उपाशी काढलेल्या तीन रात्रीही त्याच आहेत. परंतु अग्नीची विद्या आता दुसऱ्या वरातच संपते आणि तिसरा वर विधी मागतच नाही. मेलेल्या माणसाविषयी कोणी तो आहे म्हणतात, कोणी नाही म्हणतात, यातले खरे काय ते सांग, अशी ती मागणी आहे. यम ती टाळू पाहतो. शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, गुरेढोरे, हत्ती, घोडे, सोने, हवे तितके आयुष्य, रथांत बसलेल्या आणि वाद्ये घेतलेल्या अप्सरा, असे सर्व काही तो देऊ करतो. मुलगा ते नाकारतो, आणि त्याने दिलेले कारण वैराग्याच्या नेहमीच्या पठडीतले नाही: तू समोर दिसत असताना हे सारे तुझ्या मर्जीपुरतेच टिकणार, असे तो खुद्द मृत्यूला सांगतो. विधी मरण पुढे ढकलू शकतो, मरणाऱ्याची ओळख करून देऊ शकत नाही, हा कठोपनिषदाने जुन्या कथेत केलेला बदल आहे आणि पुढच्या वेदान्तविचाराची दिशा त्यानेच ठरवली.

कर्माच्या सिद्धांताचा उगमही मरणाच्याच प्रश्नात सापडतो. बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की मेलेल्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळा सूर्यात, शरीर पृथ्वीत असे सर्व विखुरले गेल्यावर तो पुरुष उरतो तरी कोठे. याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेबाहेर नेतात, कारण ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची नाही. आणि उपनिषद एवढेच नोंदवते की ते दोघे जे बोलले ते कर्माविषयी बोलले. येथे कर्म हे शिक्षेचे कलम म्हणून पुढे येत नाही. माणसाचे सगळे घटक ज्याच्या त्याच्या जागी परत गेल्यावर त्याचे म्हणून जे उरते ते त्याने केलेले कर्म, असा त्या गुप्त बोलण्याचा आशय आहे.

मग हे कर्म एखाद्याचे होते कशामुळे? याचे उत्तर अहंकाराच्या विवेचनात आहे. शास्त्रांतील अहंकार म्हणजे गर्विष्ठपणा नव्हे. अत्यंत विनम्र माणसातही तो असतो. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेनुसार प्रकृतीपासून महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि अहंकारापासून मन, इंद्रिये आणि तन्मात्रा उत्पन्न होतात. त्याचे लक्षण अभिमान, म्हणजे समोर जे घडते त्यावर ‘हे माझे’, ‘हे मी केले’ अशी मोहोर उठवणे. पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव, काहीच करत नाही; तो बांधला जात नाही आणि सुटतही नाही; जन्ममरणाच्या फेऱ्यात फिरते ते सूक्ष्म लिंगशरीर. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने हाच विचार आपल्या पद्धतीने मांडला आहे: कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होत असतात आणि अहंकाराने मोहित झालेला स्वतःला त्यांचा कर्ता समजतो. या मोहोरेमुळेच कर्म फळाला येते, कारण फळ भोगायला कोणीतरी भोक्ता लागतो आणि कर्तेपण घेणाराच भोक्तेपणात अडकतो. तोच मरणाला भितो, कारण शरीराच्या नाशाला तो स्वतःचा नाश समजतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाचे, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे धर्म लादण्याचे जे विवेचन केले आहे, त्यात भयाचे एक मार्मिक उदाहरण आहे. हातात दांडा उगारून येणारा माणूस दिसला की जनावर पळ काढते आणि ओंजळीत हिरवे गवत घेऊन येणारा दिसला की त्याच्याकडे वळते. विचारी म्हणवणारी माणसेही उगारलेली तलवार दिसली की अशीच मागे सरतात. म्हणून व्यवहारापुरता विद्वान आणि पशू यांत भेद नाही, असे आचार्य लिहितात. हे उदाहरण एखाद्या मूर्खाविषयी नसून शास्त्र वाचणाऱ्याविषयी आहे, आणि संन्याशाच्या लेखणीतून उतरलेली ही कबुली त्या भाष्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. देहावर ‘मी’पणाचा आरोप झाला की भय आलेच; त्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही.

तथापि ‘मी’ नाहीसा करणे हाच सर्व हिंदू दर्शनांचा उपाय आहे असे मानणे चूक आहे, आणि मराठीतील पुष्कळसे लोकप्रिय लेखन हीच चूक करते. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अद्वैत्यांवर घेतलेला आक्षेप थेट मृत्युभयाशी जाऊन भिडतो. त्यांच्या मते ‘मी’ या जाणिवेचा विषय हाच खरा आत्मा आहे. देहाला ‘मी’ समजणे हा तेवढा दोष. मुक्तीत हा ‘मी’ उरणारच नसेल, तर मुक्तीची इच्छा करणाऱ्याला आपण आपल्याच नाशासाठी खटपट करत आहोत असे दिसेल आणि तो मोक्षाच्या गोष्टी जेथे निघतात तेथून उठून जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. हा आक्षेप केवळ तर्काचा डावपेच नाही. मरणाची भीती घालवण्यासाठी सांगितलेला उपाय मरणाइतकाच भयंकर वाटू शकतो, ही अद्वैताच्या मार्गातील सर्वांत अवघड जागा त्यांनी अचूक हेरली. अद्वैती उत्तर देतात की जातो तो अहंकार, जाणीव नव्हे. पण ज्याला आजवर अहंकाराहून वेगळी जाणीव ठाऊकच नाही त्याला हे उत्तर कितपत पोहोचेल, ही शंका उरतेच. भक्तिसंप्रदायांनी सेवक आणि स्वामी हे नाते शेवटपर्यंत का राखले, याचे एक कारण येथे आहे. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात तर जीव आणि ईश्वर यांचा भेद मोक्षातही कायम राहतो.

कर्मसिद्धांताचा सर्वांत जास्त गैरवापर झाला तो मरणाच्या आणि दुःखाच्याच प्रसंगी, म्हणून महाभारताच्या अनुशासनपर्वातील पहिलीच कथा येथे जरा थांबून पाहावी लागेल. गौतमी नावाच्या वृद्ध ब्राह्मण स्त्रीचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला दोरीने बांधून आणतो आणि याला कसे मारू असे विचारतो. गौतमी म्हणते की याला मारून मुलगा परत येणार नाही, सोडून दे. साप म्हणतो की मी पराधीन आहे, मला मृत्यूने धाडले. मृत्यू येऊन म्हणतो की मला काळाने प्रेरणा दिली. काळ येऊन सांगतो की मी नाही, मृत्यू नाही, सापही नाही, या मुलाचे कर्मच त्याच्या मरणाला कारण झाले. येथपर्यंतची कथा आजच्या वाचकाला निष्ठुर वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. परंतु काळाने असे म्हटल्यावर गौतमी एक वाक्य जोडते: मुलगा आपल्या कर्माने गेला आणि मीही असे काही केले असेल की मला हे दुःख पाहावे लागले, म्हणून पारध्या, सापाला सोड. कथा सांगणारे भीष्म शरपंजरी पडलेले आहेत आणि ऐकणारा युधिष्ठिर त्यांच्या त्या अवस्थेला आपणच जबाबदार आहोत या विचाराने होरपळत आहे. कर्माचा दाखला येथे शोक करणाऱ्या आईने स्वतःला देऊन सूड सोडला आहे. तोच दाखला पारध्याने आईला दिला असता, तर ती क्रूरता झाली असती.

हा भेद समाजाने पाळला नाही. दुसऱ्याच्या दारिद्र्याला, रोगाला आणि जन्माने आलेल्या हीनत्वाला त्याचे पूर्वकर्म कारण ठरवून हात झटकण्याची सोय या सिद्धांताने शतकानुशतके पुरवली. चोखामेळ्यांच्या नावावरील अभंगांत आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधणारा सूर आहे; त्यांचा मुलगा कर्ममेळा यांच्या अभंगांत मात्र देवालाच जाब विचारणारी चीड आहे, आणि या पितापुत्रांच्या वाणीतील अंतर पुष्कळ काही सांगून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मानेच या जन्मीची स्थिती ठरते हे मत नाकारताना दाखवून दिले, की गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी याखेरीज त्या मताला दुसरे प्रयोजन दिसत नाही. कर्मविचाराचा कोणताही गंभीर अभ्यास या टीकेला बगल देऊन पुढे जाऊ शकत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले; कर्माचे बंधन मानूनही माणसाला प्रयत्नाची मोकळीक कशी उरते, हे दाखवण्याची निकड त्यांनाही वाटली होती. तरी टिळकांचा प्रश्न कर्म करणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आहे आणि आंबेडकरांचा ज्याच्यावर कर्म लादले गेले त्याच्या न्यायाचा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा प्रश्न मिटत नाही.

मराठी संतांकडे आल्यावर या विषयाची भाषाच पालटते, कारण येथे तत्त्वे कमी आणि मरणाच्या घरचे तपशील अधिक आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मृत्युनिरूपणाला एक अख्खा समास दिला आहे आणि त्यात राजा, पंडित, वैद्य, योद्धा, श्रीमंत असे एकेक नाव घेऊन मृत्यू यातल्या कोणालाही ओळख देत नाही हे ठसवले आहे. घराघरात हा समास वाचला गेला तो भीती घालण्यासाठी नव्हे, तर आपली गणना त्या यादीत कोठे होते हे ऐकणाऱ्याने स्वतःच शोधावे यासाठी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी गमावलेल्या तुकोबांनी तर मरणाचे सगळे विधी स्वतःवरच उलटवले आहेत. महाराष्ट्रात मृताच्या दहाव्याला पिंड ठेवतात, कावळा शिवण्याची वाट पाहतात आणि बाराव्याला सपिंडीकरण झाले की प्रेत पितरांत जाऊन मिळाले असे समजतात; श्राद्धात जानवे उजव्या-डाव्या खांद्यावर बदलण्याला सव्य-अपसव्य म्हणतात, तिळाचे तर्पण असते. हीच सारी सामग्री तुकोबा आपल्या अभंगांत उचलतात: देह हाच पिंड, त्याचेच दान, संकल्प संपले, सव्य-अपसव्य बुडाले. स्वतःचे मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणारा त्यांचा अभंग सर्वपरिचित आहे, पण या श्राद्धविधीच्या अभंगांबरोबर वाचला तरच त्याचा रोख कळतो. ज्याच्या नावाने श्राद्ध करायचे त्या ‘मी’चे श्राद्ध त्यानेच हयातीत उरकले आहे, आणि मागे कर्म करायला वा भोगायला कोणी ठेवलेला नाही.

नेमक्या याच ठिकाणी कर्माच्या तीन प्रकारांचा वाद उभा राहतो. संचित म्हणजे अनेक जन्मांचे साठलेले कर्म, क्रियमाण म्हणजे आता होत असलेले, आणि प्रारब्ध म्हणजे संचितातून फळ देऊ लागलेला तो भाग ज्यामुळे हे शरीर आणि त्याचे भोग मिळाले. ज्ञानाने संचित जळते आणि क्रियमाण चिकटत नाही, परंतु प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते, असा ब्रह्मसूत्रांचा निर्णय आहे. सुटलेला बाण वेग संपेपर्यंत थांबत नाही, हा शंकराचार्यांनी दिलेला दाखला कीर्तनांतूनही ऐकू येतो. ज्ञानी पुरुषालाही आजार का होतो, त्याचा देह का झिजतो, याचे हे उत्तर.

या उत्तराला विसाव्या शतकात एक वेगळे वळण मिळाले ते तमिळनाडूत. त्याची सुरुवात मात्र आधीच्या शतकाच्या शेवटी झाली: जुलै 1896 मध्ये मदुराईत चुलत्यांच्या घरी राहणारा व्यंकटरमण हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा, प्रकृती ठणठणीत असताना, आता आपण मरणार या अचानक आलेल्या भयाने गाठला गेला. वैद्य बोलावण्याऐवजी तो जमिनीवर आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला आणि हे शरीर आता स्मशानात नेऊन जाळले जाईल, पण त्याबरोबर मी मेलो काय, असे स्वतःला विचारू लागला. तोवर त्याने उपनिषदे वाचलेली नव्हती. शैव संतांची चरित्रे सांगणारे पेरियपुराणम् मात्र वाचले होते. सप्टेंबरच्या 1 तारखेला तो तिरुवण्णामलैला पोहोचला आणि पुढे रमण महर्षी म्हणून ओळखला गेला. भयापासून दूर पळण्याऐवजी भिणाऱ्याचाच शोध घेणे ही नचिकेताची रीत येथे शास्त्राच्या आधाराशिवाय पुन्हा घडलेली दिसते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने या घटनेचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

प्रारब्धाविषयी रमणांनी ‘उळ्ळदु नार्पदु’ या आपल्या काव्याच्या पुरवणीत घेतलेली भूमिका परंपरेच्या रूढ उत्तराहून कडक आहे. ज्ञान्याचे प्रारब्ध शिल्लक राहते हे म्हणणे इतरांच्या प्रश्नांची समजूत घालण्यापुरते आहे. कर्ताच उरला नाही, तर त्याच्या नावावरची तीन कर्मे निरनिराळी होऊन एखादे मागे राहणे शक्य नाही, तिन्ही एकदमच जातात, असे ते सांगतात. ही भूमिका स्वीकारली तर कर्माचा सारा हिशेब अहंकाराच्या दृष्टीतूनच खरा ठरतो आणि त्या दृष्टीबाहेर त्याला अस्तित्वच राहत नाही. न स्वीकारली, तर ज्ञानी माणूसही देहापुरता नियमाच्या कक्षेत राहतो. 1949 साली रमणांच्या डाव्या हातावरील गाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या आणि 14 एप्रिल 1950 रोजी त्यांचे देहावसान झाले. भोवतीच्या भक्तांपैकी काहींनी त्या वेदनांना प्रारब्ध म्हटले, काहींनी भक्तांचे कर्म त्यांनी अंगावर घेतले असे मानले. या दोन्ही स्पष्टीकरणांत एक भोगणारा गृहीत धरलेला आहे, आणि तो आहे की नाही हाच तर रमणांचा चौपन्न वर्षांचा प्रश्न होता.